बारा नंबरचा फोटो: कासारवाडी ते चाकण, दोन कॅमेरे आणि चार लाल स्टिकर

सात महिने मी एक एक्सेल शीट भरत होते. डाव्या रकान्यात नवशिक्यांचा डीएसएलआर कॅमेरा, उजव्यात मिररलेस, आणि खाली एकोणचाळीस मुद्दे. मी एका कंपनीत क्वालिटीला आहे, रबरी पार्ट तपासते. चांगल्या गोष्टीत खोट काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे सात महिन्यांत दोन्ही कॅमेरे मी चारदा नापास केले होते. नवरा म्हणाला, "तू लग्नाआधी मला असंच तपासलं असतंस तर दोघं सुटलो असतो." असो.

मग एका मंगळवारी वडिलांना फोन आला. आप्पा, म्हणजे माझे वडील, मूळ माणचे. एकाच कंपनीत, लोखंड कापायच्या एकाच मिलिंग मशिनवर एकतीस वर्षं काढली. मशिनचा नंबर बारा, म्हणून घरात तिचं नाव 'बारा नंबर'. लहानपणी आम्हाला वाटायचं की ही आमची आत्याच आहे, फक्त दिवाळीला येत नाही. फोन होता युनूसभाईंचा. ते मेकॅनिक, जुन्या मशिनी विकत घेतात, चिखलीला शेड आहे.

"आप्पा, बारा नंबर मी घेतली. गुरुवारी आपल्या चाकणच्या प्लँटमधून उचलतोय. सुटे पार्ट करून विकणार, आख्खी कोण घेणार आता? शेवटचं भेटायचं असेल तर या."

आप्पांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, "सुमे, माझा तिच्यासंगं एक बी फोटो न्हाई."

खरंच नाही. आमच्या पट्ट्यात कंपनीच्या गेटवर कॅमेरा चालत नाही. एकतीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्याबरोबरचा एक फोटो नाही, आणि शेजारच्यांच्या कुत्र्याबरोबर मात्र आप्पांचे अकरा आहेत. मी म्हटलं, फोनवर काढू. तर म्हणे, "फोनातला फोटो फोनातच मरतो. मला भितीवर पायजे."

झालं. सात महिन्यांचा घोळ दोन दिवसांत मिटवायचा होता. ऑफिसातल्या कुलकर्णीकडून त्याचा जुना डीएसएलआर मागून घेतला, तो तसाही विकायला काढलाच होता. चिंचवडच्या एका दुकानातून मिररलेस एका दिवसाच्या भाड्याने आणला. ठरवलं की प्रवासात दोन्हींची चाचणी घ्यायची आणि जो पास होईल त्याने बारा नंबरचा फोटो काढायचा. आप्पांना हे फार पटलं. भंगारात निघालेल्या मशिनच्या फोटोला गेटवर कोण अडवणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांचा रविवार, म्हणजे सुट्टी, गुरुवारी असतो. त्या दिवशी रस्ता जरा बरा, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. कासारवाडीहून चालत नाशिक फाटा, तिथून चाकणची बस, तिकीट वडापावपेक्षा फार नाही. डावीकडे बसा, ऊन लागत नाही.

बसमध्ये मी आप्पांना फरक समजावला. डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो. भिंगातून येतं तेच आरशातून डोळ्याला दिसतं, आणि बटण दाबलं की आरसा वर उडतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही, आत छोटा टीव्ही.

"म्हंजी ह्याच्यात आपण बघतो आन त्याच्यात आपल्याला दाखवत्यात," आप्पा म्हणाले. आख्ख्या इंटरनेटवर मला इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी डीएसएलआर कानाशी धरून दहा-बारा वेळा खाट्‌ खाट्‌ केलं. "पार्ट हलतोय. काम चाललंय हे कळतं तरी." मिररलेस कानाशी धरला, तो गप्प. "हा कामचुकार हाय."

मोशीला मिसळ खायला उतरलो. तर्री वेगळी मागा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पाणी पीत राहाल. शीटमधला वजनाचा रकाना वेबसाइटवरून भरलेला होता, आणि आप्पांना ऐकीव माप चालत नाही. रस्त्याकडेला कांदे घेऊन बसलेल्या मावशींच्या तराजूत त्यांनी एकेक कॅमेरा ठेवला. डीएसएलआर पाऊण किलोला किंचित कमी, मिररलेस अर्धा किलो आणि वर एक कांदा.

"कितीला देताय?" मावशींनी विचारलं.

"विकायचे नाहीत हो, घ्यायचे आहेत."

"मग जड हाय त्यो घ्या. हलकं सामान लगी उडतंय." मागे उभी असलेली तीन गिऱ्हाइकं यावर वाद घालू लागली. एकाचं म्हणणं भविष्य मिररलेसचं आहे. दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या मेव्हण्याचा डीएसएलआर पाण्याच्या बादलीत पडूनही चालतो. कांदे कोणीच घेईना, तेव्हा मावशींनी आम्हाला हाकललं.

चाकणच्या चौकातून शेअर रिक्षाने प्लँटच्या गेटवर पोचलो. आणि तिथे जे झालं त्याचं खापर मी पूर्णपणे माझ्याच डोक्यावर फोडते. वीस वर्षं रोज गेटवर फोनच्या भिंगावर लाल स्टिकर लावून घेणारी बाई मी. गार्डने हात पुढे केला, आणि मी सवयीने आमचे दोघांचे फोन दिले. आणि त्याच ओघात, अगदी सुशीलपणे, दोन्ही कॅमेरेही काढून दिले.

गार्ड मराठवाड्याकडचा, फार सज्जन माणूस. त्याने कॅमेऱ्याचं झाकण काढलं. मी म्हटलं, "झाकणावर लावा ना." तर म्हणाला, "झाकण निघतंय की ताई. स्टिकर काचंवर लावावं लागतंय." आणि लावलं, अंगठ्याने नीट दाबून. दोन्ही. रजिस्टरमध्ये चारी स्टिकरचे नंबर लिहिले. फोटोची परवानगी अ‍ॅडमिनची लागते, आणि अ‍ॅडमिनला गुरुवारची सुट्टी. कप्पाळ माझं!

आत शेडच्या कोपऱ्यात बारा नंबर उभी होती. वर्षभर बंद, वायरी कापलेल्या, अंगावर धुळीचा थर. आप्पांनी रुमाल काढला आणि तिचं हँडल पुसायला लागले. मी उगीचच बॅग उघडून आत बघत राहिले.

युनूसभाई हळूच म्हणाले, "ताई, स्टिकर काढा, फोटो घ्या, परत चिकटवा. कोण बघतंय?"

माझी नखं स्टिकरपाशी गेली होती. पण आप्पांनी ऐकलं. "न्हाई. या गेटानं एकतीस वर्स भाकर दिली. आज जाता जाता चोरी करू व्हय?"

"आप्पा, क्रेन आलीये!" मी म्हटलं.

"येऊ दे."

आता क्रेनचे पट्टे बांधून होईपर्यंत करायचं काय? तुम्ही हसाल, पण आम्ही चाचणी चालू ठेवली. स्टिकरसकट. दोन्ही कॅमेऱ्यांनी बारा नंबरचे तीस-तीस फोटो काढले. डीएसएलआरचे सगळे काळे, मिररलेसचे काळपट लाल. आप्पा पडदा डोळ्याजवळ नेऊन म्हणाले, "ह्याचा लाल जरा बरा हाय." मी शीटमध्ये तशी नोंद केली. युनूसभाई आमच्याकडे बघत होते आणि पट्टा बांधायचा विसरले होते. तीस लाल फोटो संपता संपता मिररलेसची बॅटरीही संपली. हे यंत्र बॅटरी पितं, मुद्दा क्रमांक चार, लाल अक्षरात लिहिलेला. दुसरी बॅटरी दुकानदाराने दिली नव्हती, आणि मी मागितली नव्हती.

बारा नंबर हवेत उचलली गेली तेव्हा आप्पांनी हात वर केला, जणू पडली तर झेलणारच होते. ट्रेलर आमच्यासमोर गेटबाहेर पडला. आम्ही मात्र अडकलो, कारण गार्डला स्टिकरचे नंबर जुळवायचे होते. मग त्याने नखाने एकेक सोललं. डीएसएलआरवरचं अर्धंच निघालं, बाकीचा डिंक काचेवर. मी पदराने पुसला, तो आणखी पसरला. ट्रेलर दिसेनासा झाला होता. आप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे सुमे. चल घरी." त्यांचा तो आवाज मला सहन होईना.

पण मंडळी, चाकणचा चौक! ज्याला मी वीस वर्षं शिव्या घातल्या त्या चौकाने त्या दिवशी माझं सोनं केलं. परतीची रिक्षा जाममध्ये थांबली, आम्ही उतरून चालत सुटलो, आणि दीड किलोमीटरवर, पार जाम झालेल्या गर्दीच्या मधोमध, ट्रेलरवर बारा नंबर उन्हात उभी!

युनूसभाईंनी केबिनमधून उडी मारली. त्यांनी खालून, ड्रायव्हरने वरून धरून आप्पांना चढवलं. मी दुभाजकावर चढले. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, मोबाईलवर काढा ना राव!" हो, फोनचंही स्टिकर निघालं होतं. माहितीये मला. पण आप्पांना फोटो भिंतीवर हवा होता, म्हणून माझ्या हातात डीएसएलआर होता. एक बाइकवाला म्हणाला, "मिररलेस पाहिजे होता." दुसरा म्हणाला, "भावा, ऊन बघ आधी, ऊन!" आप्पा कोणाकडेच बघत नव्हते. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, डावा हात मशिनच्या टेबलावर, उजवा हँडलवर. शिफ्ट सुरू झाल्यासारखे उभे राहिले.

खाट्‌. खाट्‌. तिसऱ्या फोटोला जाम सुटला.

मागच्यांच्या हॉर्नने ड्रायव्हर केबिनमध्ये पळाला आणि ट्रेलर निघाला, आप्पांना घेऊन! मी दुभाजकावरून पळतेय, युनूसभाई ट्रेलरमागे पळतायत, आणि आप्पा बारा नंबरचं हँडल धरून चाकणच्या रस्त्याने ताठ मानेने चाललेत. कोणीतरी त्यांना नमस्कारही केला. पाचशे मीटरवर पुढचा जाम लागला तेव्हा ते उतरले आणि एवढंच म्हणाले, "हँडलला अजून तेवढाच प्ले हाय, तेवढंच ढिलं लागतंय."

परतीच्या बसला तीन तास लागले. संध्याकाळी निघू नका.

तुम्ही विचारणार, शेवटी कोणता घेतला? काच डिंकाने मीच खराब केली, म्हणून कुलकर्णीचा डीएसएलआर मीच ठेवून घेतला. एकोणचाळीस मुद्द्यांपैकी एकाचाही उपयोग झाला नाही.

फोटो मोठा करून आणला तोपर्यंत बारा नंबरचे पार्ट सुटे झाले होते. फ्रेम तयार होती, खिळा ठोकला होता, पण आप्पा टांगू देईनात. ऑपरेटरला स्वतःचा पार्ट पास करता येत नाही, क्वालिटीची सही लागते, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम. मागची बाजू माझ्यापुढे धरून त्यांनी पेन दिलं. मग उलटून फोटोवर बोट ठेवलं, मशिनच्या बरोबर मध्यावर, जिथे डिंकाचा पांढुरका ढग होता.

"हे काय?"

असला डाग असलेला पार्ट मी आयुष्यात सोडलेला नाही. "कुलंटचा धूर आहे, आप्पा," मी म्हणाले.

कुलंट म्हणजे चालू मशिनवर गार ठेवायला सोडतात ते पाणी, तापलं की त्याचा धूर होतो. वर्षभर बंद पडलेल्या, वायरी कापलेल्या मशिनमधून त्याचा धूर येत नाही, हे आप्पांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांनी त्या ढगावरून अंगठा फिरवला.

"व्हय," ते म्हणाले. "कामावर असली की असायचाच. कर सही."

मी 'ओके' लिहिलं आणि सही केली.