रांजणांखालचा कडबा
ओल्या रांजणाचा वास आला की मला तो दुष्काळ आठवतो. नळाला पंधरवड्यानं पाणी यायचं, म्हणून गुलमंडीतल्या दुकानासाठी मी कन्नड गावच्या व्यापाऱ्याकडून ट्रकभर रांजण घेतले. नव्या वसाहतींसाठी रस्ते असे उकरलेले, की ट्रक एका खड्ड्यात सकाळी उतरला तो दुपारी वर आला. निम्मे रांजण फुटले. माल गाडीत चढला की जोखीम खरेदीदाराची, असा सौदा. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतःच आला. “शेठ, माल तुमचा, पण बांधणी माझी व्हती. रांजणांखालचा निम्मा कडबा म्या म्हशीला घातला. लई उपाशी, बसूनच व्हती. समदं नुकसान माझं.” “उठली का मग?” “व्हय, उठली.” “मग निम्मं नुकसान माझं.” आज सत्तरी ओलांडली, पण एवढा महाग चारा मी पुन्हा कुण्या म्हशीला घातला नाही, आणि एवढा अंगी लागलेलाही पाहिला नाही.