सांगा राव, कोण हललं?

"सांगा राव, कोण हललं? शिकारी की सावज?"

हा प्रश्न विचारताना मास्तर उजव्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवून वर्गासमोर धरायचे. जुन्नरच्या आमच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवत आणि मी इतिहास. आमच्या वर्गांमध्ये फक्त एक पातळ भिंत होती. त्यामुळे माझ्या मुलांना लढायांच्या सनावळीपेक्षा त्यांचेच शब्द जास्त पाठ होते.

ॲम्बुश म्हणजे सावज आपल्या रोजच्या वाटेनं चाललं आहे आणि शिकारी झुडपामागं दबा धरून बसला आहे. ल्युअर म्हणजे सावजानं कशाला तरी भुलून आपली वाट सोडली. ट्रॅप लावला, की शिकाऱ्यानं घरी जाऊन जेवायला हरकत नाही. आणि डिकॉय म्हणजे फासेपारध्याचा पाळलेला तितर. पिंजऱ्यात बसून तो ओरडतो, रानातले तितर त्याच्याशी भांडायला धावतात आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतात.

"त्या पिंजऱ्यातल्याला यातलं काही ठाऊक नसतं," ते म्हणायचे. "त्याला वाटतं, आपला आवाज चांगला आहे."

शब्दसंग्रहाचे हे प्रेम कशासाठी, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "आपल्याकडं जशा भाताच्या जाती, तसे साहेबाकडं गाठण्याचे, भुलवण्याचे नि अडकवण्याचे शब्द. ज्याचं जे पीक."

ते कागदी मोहल्ल्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवण्याचा धंदा, आणि हे त्या घरातले पहिले पदवीधर. लग्न केले नव्हते. कुणी विषय काढला तर म्हणत, "त्यातही आधी कोण हललं, ते ठरवावं लागेल." असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. शाळेत त्यांना सगळे हसतात, आणि त्यांच्याइतके त्या विषयावर जीव टाकणारे दुसरे कुणी नसते.

एका दिवाळीच्या सुट्टीत ते आहुप्याची देवराई पाहायला गेले. घोडेगावापासून पुढे बरीच पायपीट होती. राईतून पान उचलायची मनाई, मग शिकार कुठली? पण राईच्या हद्दीबाहेर एक मिसरूड फुटलेला पोरगा रानकोंबडीसाठी फासे मांडत बसला होता. मास्तर त्याच्याजवळ बसले. तो आपल्या फाशाचे नाव सांगे, मास्तर त्यासाठी इंग्रजी शब्द सांगत. उन्हे उतरेपर्यंत पोराला सगळे शब्द तोंडपाठ झाले, आणि प्रत्येकात कोण हलते तेही. आमच्या वर्गात जे वर्षभरात होत नसे ते एका दुपारी झाले. मास्तर वेडे व्हायचेच बाकी होते.

पोराला शाळेत धाडायला बाप तयार नव्हता. "शेळ्या कुनी राखायच्या, मास्तर?"

"तुमच्या पोराला मी खुर्चीवर बसवतो," मास्तरांनी सांगितले. आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेले हे बहुधा पहिलेच वचन असावे.

पोरगा वसतिगृहात राहिला. खालच्या इयत्तेतल्या बारक्या मुलांमध्ये बसून शिकला. त्याला मास्तरांनी सगळे इंग्रजी फाशांतूनच शिकवले. वर्तमानकाळ शिकायचा तो फासा मांडताना, भूतकाळ शिकायचा तो पाखरू अडकल्यावर. रानातली पोरे रानातून शिकली तर लवकर शिकतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही होत होते. पाहता पाहता पोरगा मॅट्रिकला बसला.

इंग्रजीचा पेपर देऊन पुण्याहून आला तो एस.टी.तून उतरून धावतच शाळेत. "सर, आपलाच विषय आला!"

निबंध होता 'समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ'. पोराने लिहिले होते की संध्याकाळ होते, खडकामागे शिकारी दबा धरून बसतो आणि हरणांचा कळप समुद्रावर पाणी प्यायला येतो. पुढची दोन पाने कळपाने निसटण्याची आणि शिकाऱ्याने गाठण्याची. एकही शब्द चुकला नव्हता, असे तो सांगत होता.

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो गेल्यावर मला म्हणाले, "समुद्राचं पाणी खारट असतं, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही."

निकाल वर्तमानपत्रात आला. शाळेच्या ओट्यावर उभे राहून पोराने पानभर आकडे वाचले, परत एकदा वाचले, कागदाची नीट घडी घातली आणि मास्तरांच्या हातात दिली. त्यानंतर तो घरी गेला नाही. कुणीतरी त्याला आळेफाट्यावर मुंबईच्या ट्रकमध्ये चढताना पाहिले होते. एवढेच.

बाप हिरडा विकायला रविवारच्या बाजाराला यायचा. तो शाळेच्या फाटकाशी आला तेव्हा मी मास्तरांच्या शेजारीच होतो.

"मास्तर, पोरगं कुटं हाय?"

"मुंबईला," मास्तर म्हणाले. इथवर ते खरे होते.

"हाफिसात का?"

म्हाताऱ्याने डोक्यावरचे मुंडासे काढून काखेत धरले होते. देवळात शिरताना धरतात तसे.

"हो. ऑफिसात."

"खुर्ची हाय?"

"आहे."

"आन्‌ पंखा?"

"पंखाही आहे."

म्हातारा असा काही हसला की आजूबाजूची माणसे वळून बघायला लागली. तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "पंखा नको होता द्यायला."

त्या पंख्याचा वारा सगळ्या डोंगरात पोचला. शाळा उघडली तेव्हा म्हातारा वाडीवरची चार पोरे घेऊन हजर. डोक्यावर वळकट्या, पायांना चिखल.

"ह्यांनाबी पंख्याखाली बसवा, मास्तर."

मास्तरांचा चेहरा उतरला. "परत न्या यांना. शेळ्या राखू द्या. ऐका माझं."

"आं? येका पोरावरच मन भरलं व्हय?" म्हातारा दुखावला. "का आमची बाकीची पोरं लई काळी हायेत?"

एवढ्यात हेडमास्तर बाहेर आले. हे गृहस्थ पटावरची संख्या आणि गळ्यातला हार या दोन्ही गोष्टी वाढत्या ठेवण्याच्या मताचे होते. त्यांनी चौघांना तिथल्या तिथे दाखल करून घेतले आणि म्हाताऱ्याला चहा पाजला. महिन्याभरात मास्तरांचा सत्कार ठरला. पाहुणे जीपमधून आले. फलकावर 'डोंगरात ज्ञानगंगा' असे रंगवले होते. शाल आली, नारळ आला. पहिल्या रांगेत आहुप्याचा म्हातारा धुतलेल्या सदऱ्यात बसला होता. पाहुण्यांनी आपल्या भाषणात मुंबईच्या ऑफिसातला आदिवासी तरुण असा काही उभा केला, की मलाही क्षणभर तो दिसला.

मास्तरांना बोलायला सांगितले. ते उठले. शाल एका खांद्यावरून घसरली होती.

"मी कुणालाही साहेब केलेलं नाही," ते म्हणाले. "तो मुलगा नापास झाला. तो कुठं आहे, मला माहीत नाही."

हेडमास्तर हसत पुढे झाले, "पाहिलंत? हा यांचा विनय!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हातारासुद्धा टाळ्या वाजवत होता. आपल्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून मास्तर असे बोलले, असे त्याने नंतर मला समजावून सांगितले.

मांडवाच्या मागे मास्तर मला म्हणाले, "राव, खरं बोललो तरी टाळ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक पिशवी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभे होते. "त्याला शोधतो," म्हणाले. "शोधून कुठल्या तरी खुर्चीवर बसवतो. शेजारी उभं राहून मी वारा घालीन, हवं तर."

मी हसलो. ते हसले नाहीत.

नंतर कुणी म्हणे, ते गोदीच्या फाटकाशी उभे असतात, सुटणाऱ्या पाळीतले चेहरे न्याहाळत. कुणी म्हणे, दवाखान्यात पाहिले. पत्र आले नाही. त्यांच्या भावाने मुंबईला खेप घातली, तो एकटाच परतला. मधल्या काळात ती चार पोरेही आमच्याकडे निमूट शिकत होती, सगळ्यांसारखीच, समुद्र न पाहता.

पुढल्या उन्हाळ्यात हेडमास्तरांनी नवी पोरे आणायला मला आहुप्याला धाडले. इंग्रजीचे मास्तर नव्हते, आणि म्हाताऱ्याशी ओळख असलेला दुसरा कुणी शिक्षक नव्हता. म्हाताऱ्याने मला अंगणात घोंगडीवर बसवले. खरे काय ते सांगायचे असे मी वाटेत ठरवले होते. पाणी पिऊन तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मास्तर गेलं न्हवं आमच्या पोराकडं? लई ब्येस झालं. परक्या गावात आपलं मानूस लागतंया. दोगं येकत्र हायेत, आता आमाला घोर न्हाई."

मग आत जाऊन त्याने जुन्या लुगड्याचा एक धडपा आणला. त्यात नाचणी बांधली होती, कुणी मुंबईला जाणारा भेटला तर द्यायला.

"दोगांची हाय," तो म्हणाला. "मदी गाठ मारलीया. भांडाया नको."