नानांच्या नावाचं खापर

"अक्का गयी... सकायच," असा चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी वरणगावला ड्युटीवर निघालो होतो. भडगावला पोचलो तर तिरडी बांधून झाली होती आणि शेजारी नवंकोरं मडकं ठेवलेलं, बाजारातून आणलेलं. आमचं घर कुंभाराचं. अंगणात भिंतीला लागून अक्काच्या हातची भांडी रचलेली, आणि तिच्याच शेवटच्या वाटेला मडकं विकत आणलं होतं. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "बाईना हातनं मडकं चालत नही. तुले माहीत शे ना." बहिणीच्या तिरडीपुढे तमाशा नको म्हणून दातओठ खात खांदा द्यायला पुढे झालो. महिना झाला, तो राग उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

आमच्यात बाईने माती तुडवायची, लीद कालवायची, भांडी भाजायच्या आव्यासाठी लाकडं वाहायची. चाकाला मात्र हात लावायचा नाही. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नाना, म्हणजे आमचे वडील, जेवायला उठले की ती चाकावर बसायची. मार खायची, पुन्हा बसायची. धुळ्याला दिली, तेही घर कुंभाराचंच. तिथे ती चाकावर सापडली तेव्हा सासूने मडकी ठोकायची थापी तिच्या हातावर हाणली. उजव्या हाताचं पहिलं बोट मोडलं आणि वाकडंच जुळलं. वर्षाच्या आत ती पत्र्याची पेटी घेऊन परत आली. तिचं काही चुकलं नाही, असं आमच्या घरातलं एकही माणूस म्हणालं नाही. मी तर नाहीच.

पुढे मी वरणगावला नोकरीला लागल्यावर नानांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. तेव्हा अक्काच म्हणाली, "नाना, तुम्हना हात चालत नही, मना चालस." नानांनी दार लावून घ्यायला सांगितलं, एवढीच त्यांची परवानगी. बाहेर मात्र त्यांनी हात सुधारल्याचं सांगितलं. अक्का आत खापरं घडवायची आणि नाना पाचोऱ्याच्या बाजारात ती विकायला बसायचे. लग्नाकार्यात मांडे भाजायला लोक लांबून 'नानांचं खापर' मागत येत. मांडा चिकटत नाही, खापर तडकत नाही, अशी कौतुकं नाना मान डोलवत ऐकायचे. मला आजही त्या डोलणाऱ्या मानेची चीड येते.

नाना गेले आणि तीच गिऱ्हाइकं तिच्या दारावरून पुढे जाऊ लागली. बाईचं खापर तडकतं म्हणे. अक्का दिवसभर कपाशी वेचायची आणि संध्याकाळी चाकावर बसायची. भांडी साचत गेली. "कुणी घेत नाही, कशाला मरतेस?" असं एकदा मी चिडून विचारलं. "बठ्ठा दिन हात दुसरासना वावरमा राहस," ती म्हणाली, "सांजले तरी तो मना राहू दे." मग म्हणाली, "तू एकदाव सांगी दे लोकेसले, ती खापरं मनी व्हतीत म्हनी. तुन्हं आयकतीन." मी म्हणालो, "पाहू." अक्काने पुन्हा कधी विचारलं नाही.

दहाव्याला त्याच चुलतभावाने तिच्या कष्टांवर भाषण ठोकलं. जेवणं उरकल्यावर आत्या आणि माम्या अंगणातली खापरं निवडू लागल्या. असं खापर आता मिळत नाही म्हणाल्या. मी ओरडलो. बाजारातलं मडकं आणताना कुठे होता तुम्ही, नानांच्या नावाने हिचंच खापर चुलीवर ठेवलं आणि ही दारात उभी राहिली तर तोंड फिरवलंत... बरंच बोललो. "तुला कधी कळलं रे?" आत्याने विचारलं.

वरणगावच्या घरी एक खापर आहे. माझ्या लग्नात नानांनी सगळ्यांसमोर दिलेलं, 'माझ्या हातचं' म्हणून. त्याच्या आत बोटांच्या रेघा आहेत. तीन सरळ, एक वाकडी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोने ते धुवायला घेतलं, मी आतून हात फिरवला आणि माझं बोट त्या वाकड्या रेघेत बसलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि ते पुन्हा पालथं घातलं.