जायफळाची दुसरी बाजू

'चाटून दाखव,' बाई म्हणाल्या.

आईने सहाणेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

'बोटाने नको. सगळं चाट. आमच्यासमोर.'

दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. आई फरशीवर गुडघे टेकून बसली. दोन्ही हातांनी सहाण उचलली आणि दगड चाटून साफ केला. मी बाथरूमच्या दारात लंगोट पिळत होते, तो तसाच हातात राहिला. सोफ्यावरच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आतल्या दाराला टेकून बाईंची सून उभी होती, जेमतेम महिन्याची बाळंतीण. तिने मान खाली घातली होती. का, ते मला अर्ध्या तासाने कळलं.

संपाचा आठवा की नववा महिना. बाबा लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे, आता खोलीत बसून छत बघायचे. मी सोळा वर्षांची, शाळा सुटलेली. घरात येणारा पैसा म्हणजे आईचे हात. ती सकाळी दादरच्या चार घरांत बाळ-बाळंतिणीला मालीश करायची आणि बाळाला गुटी उगाळून द्यायची. मी पाणी तापवायला आणि लंगोट धुवायला बरोबर.

ही विद्या आजीची. आईची आई, कोकणातली. आम्ही बौद्ध. आजीचं घर गावाबाहेर, पण गावातल्या सगळ्या जातींच्या लेकुरवाळ्या तिच्या अंगणात यायच्या. अंतर राखून उभ्या राहायच्या, पण यायच्या. आजीला झाडं तोंडपाठ होती. पाणथळीतलं वेखंड कधी उपटायचं, रानातली मुरुडशेंग किती वाळवायची, हिरडा कुठल्या झाडाचा घ्यायचा. जायफळ तेवढं बागायतदाराच्या वाडीतलं, तिथल्या मजुरीच्या बदल्यात मिळालेलं. प्रत्येक मुळीचे सहाणेवर वळसे ठरलेले. वेखंडाचे वेगळे, हळकुंडाचे वेगळे, जायफळाचा अर्धाच, कारण जायफळ गुंगी आणतं. आणि पहिला थेंब उगाळणारीने स्वतः चाटायचा. बाळाच्या जिभेला काय लागणार ते आधी आपल्या जिभेला कळलं पाहिजे म्हणून. आई रोज चाटायची. तिला ते कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या दिवशी तेच तिला हुकूम करून करायला लावलं.

आजी मोबदला घ्यायची नाही. कुणाच्या दारातही जायची नाही. ज्याला गरज, तो येईल. संपाने आईला या दोन्ही गोष्टी मोडायला लावल्या.

बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठे ते विचारलं. मग हसून म्हणाल्या, 'आम्ही हो असलं काही मानत नाही.' दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी वेगळी सहाण आली. तिची जागा गॅलरीत, फिनेलच्या बाटलीशेजारी. मालीश आधी आणि आंघोळ नंतर, तेव्हा आईचे हात बाळाला चालायचे. अंगावरून पाणी गेलं की झालं. बाईंनी मुळ्यांचा बटवाही ठेवून घेतला होता. म्हणाल्या, 'रोज चाळीतून ने-आण नको. इथेच राहू दे.' बाकीच्या घरांसाठी आईने वेगळ्या मुळ्या बांधल्या.

त्या सकाळी आईने गॅलरीत बसून गुटी उगाळली आणि बाळाला मालीशसाठी मांडीवर घेतलं. बाळाची मान लुळी. डोळे उघडेनात. आईच ओरडली, 'डॉक्टराक बोलवा!' हे लक्षात ठेवा. डॉक्टरांना बोलवा असं त्या घरात पहिल्यांदा माझी आई म्हणाली.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. छाती तपासली, पापण्या उघडून पाहिल्या. 'गुंगी आहे. उतरेल हळूहळू, पण लक्ष ठेवा. काय दिलं होतं याला?'

बाईंनी सहाणेकडे बोट दाखवलं. त्या दिवसाची गुटी अजून सहाणेवरच होती, बाळाच्या तोंडात गेलीच नव्हती. एवढं साधं कुणाला दिसलं नाही. शिकलेली तीन माणसं होती त्या खोलीत.

आईने दगड चाटला. थोड्या वेळाने बाळ हललं, कुरकुरलं आणि मग टाहो फोडून रडलं. डॉक्टर उठून गेले. बाईंनी बटवा उचलला आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. 'उद्यापासून येऊ नकोस.'

आईने डब्यात हात घातला. चहाचा चोथा झटकून एकेक मुळी पदराला पुसली. आजीच्या हातच्या मुळ्या त्या. जायफळ हातात आलं तशी ती थांबली. आई जायफळ कायम एकाच बाजूने उगाळायची, ती बाजू झिजून सपाट झालेली. आता दुसऱ्या टोकालाही, सकाळी उगाळताना चिमटीत झाकलेल्या, ताजी सपाट घासल्याची खूण होती, पैशाएवढी, आतल्या तपकिरी रेषा उघड्या पडलेल्या. आईने मान वर करून सुनेकडे पाहिलं. सुनेने आईकडे पाहिलं. आईने जायफळ बटव्यात टाकलं, नाडी ओढली आणि चपला घातल्या.

पार्काच्या कडेने चालताना मी म्हटलं, 'आये, जायफळ दुसऱ्या बाजून कोणी उगळल्यान, माका कळला.'

'माकाय कळला.'

'मग बोललस कित्याक नाय?'

'बाळंतीण हा ती. रात रात झोप नाय तिका. सासू जगाक देवची नाय.'

मला त्या बाईंपेक्षा आईचाच राग आला. परळपर्यंत मी तिच्या चार पावलं पुढे चालले.

गरज सरो नि वैद्य मरो, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तर वैद्याला मारलं आणि गरज सरलीच नाही. सहा दिवसांनी त्या इमारतीचा रखवालदार आमचे जिने चढून आला. 'बाईंनी बोलावलंय. बाळ सारखं रडतंय. झालं गेलं विसर म्हणाल्या.'

विसर. आईने खुंटीवरचा बटवा काढला. खरंच काढला. मी दारात आडवी उभी राहिले.

'आये, तू जाऊचा नाय.'

'वाट सोड. औषधाक नाय म्हणूचा नाय. हातातलो गुण जाता.'

'नाय कोण म्हणता? आजी कधी कोणाच्या दारात गेली? लोका तिच्या अंगणात येयत. हेंकाय येवंदेत.'

आईने माझ्या थोबाडीत मारली. रखवालदारासमोर. माझे डोळे भरले, पण मी हलले नाही. त्याला म्हटलं, 'सांगा बाईंना, आई येणार नाही. बाळाला घेऊन इथे या, उगाळून मिळेल.' तो बाबांकडे बघू लागला. कितीतरी दिवसांत धड न बोललेले बाबा म्हणाले, 'पोरगी सांगते तेच सांग.'

आई बटवा मांडीवर घेऊन बसली. रात्री तिने तो पुन्हा खुंटीला अडकवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सून आली. टॅक्सीने, एकटी, बाळ दुपट्यात. चाळीच्या बायका गॅलरीत जमल्या. ती आत येऊन खाली सतरंजीवर बसली. आईने आजीची सहाण काढली, वळसे मोजत गुटी उगाळली आणि पहिला थेंब चाटला. मी सहाण सुनेपुढे सरकवली. 'वहिनी, आता तुम्ही.'

तिने बोटाने घेऊन चाटलं आणि तिला रडू फुटलं. 'मावशी, जायफळ मी उगाळलं होतं. तीन रात्री झोपले नव्हते हो.'

'ठाव हा माका. रडा नको, दूध आटतला,' आई म्हणाली आणि बाळाला गुटी चाटवू लागली.

मी विचारलं, 'हे घरी सांगितलंत?'

'सासूबाईंना कसं सांगू? त्या मला...'

'आईने तुमच्या डोळ्यांसमोर दगड चाटला. घरी सांगा. आणि मग उद्या या.'

'गप ऱ्हव गो!' आई माझ्यावर ओरडली. बाळाने ढेकर दिला आणि आईच्या मांडीवर झोपलं, खरं झोपलं. सून डोळे पुसून उठली. उद्या आली नाही. परवा आली नाही. कधीच आली नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पंधरा दिवसांत बाकीची तीन घरंही सुटली. 'ती बाई पोरांना गुंगी देते' एवढं एक वाक्य त्या गल्लीला पुरलं. आई कॉटन ग्रीनच्या गोदामांत सांडलेलं धान्य झाडायला जाऊ लागली. बाळांच्या अंगावर फिरणारे हात, त्यांना खराटा आला. संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही. बाबांचा साचा पुन्हा सुरू झाला नाही. आई गेली ती तो डाग घेऊन गेली. तो धुणारी जगात एकच होती, ती सून, आणि ती गप्प बसली. मी तिला माफ केलेलं नाही.

चाळ पडली. तिथे टॉवर उभा राहिला आणि मागे आमची पुनर्वसनाची इमारत. आजीची सहाण माझ्याकडे आहे. बायका येतात. ताप असेल, बाळ मलूल असेल तर मी उगाळत नाही, डॉक्टरकडे पिटाळते. समोरच्या टॉवरमधूनही फोन येतात. 'घरी याल का? गाडी पाठवते.' मी जात नाही. ज्या येतात त्यांना प्रत्येक मुळीचं नाव सांगते. पहिला थेंब मी चाटते, दुसरा बाळाच्या आईने चाटायचा. पण सहाणेवर पाणी टाकण्याआधी एक विचारते. 'हे कुणाकडून घेतलं म्हणून घरी सांगाल?' माझं नाव, आडनाव, आजीची वस्ती, सगळं सांगते. सासूपुढे, नवऱ्यापुढे, बारशाला जमलेल्या लोकांपुढे हे सांगायचं.

काही जणी लगेच हो म्हणतात. काही जणी घुटमळतात, बाळाचं दुपटं नीट करत बसतात. घुटमळली की मी सहाण भिंतीला उभी करून ठेवते. रडतं बाळ लिफ्टने खाली जातं. त्याचा आवाज मला सात मजले ऐकू येतो.

औषधाला नाही म्हटलं की हातातला गुण जातो, असं आई म्हणायची. मी नाही म्हणते. गुण जायचा असेल तर जाऊ दे. हुकमावरून दगड माझ्या घरातली बाई पुन्हा चाटणार नाही.