तारवालीची तांबी

जळलेली मोटर समोर आली की तारवाली आधी ती हुंगते. वासावरून सांगते, ओल शिरली की लोड जास्त झाला. मग जुनी कॉइल उपटून नवी भरते. वर्कशॉपात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. तिच्या बोटांखालून इतकी तांब्याची तार गेली आहे की अख्ख्या गावाला चार वेढे पडतील, असं मालक म्हणतात, आणि मालक एरवी कोणाचं कौतुक करतील तर शपथ.

चारशे बारावा वेढा न चुकणारी ही बाई गर्भनिरोधक गोळी मात्र हमखास विसरायची. त्या विसरण्याचं नाव धाकटी, वय वर्षं तीन. तीच आता घरात सगळ्यांची लाडकी आहे, ही गोष्ट वेगळी.

यंदा मालकांचे गुडघे गेले. ते म्हणाले, "एक तारखेपासून वर्कशॉप तू बघ." यापूर्वी दोनदा ते हेच म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा तारवालीला दिवस गेले होते. मालक तसे भले, पण तिसऱ्यांदा कोण थांबणार? आणि नेमकी त्याच आठवड्यात पाळी लांबली. पाच दिवस ती वेढ्यांऐवजी तारखा मोजत होती. सहाव्या दिवशी सगळं सुरळीत झालं, तेव्हा ती बाथरूममध्ये तोंडात टॉवेल कोंबून हसत बसली. बाहेर आली ती ठरवूनच.

नवरा शाळेची बस चालवतो. कपड्यांच्या घड्या घालता घालता दोघांनी एकेक उपाय काढला. इंजेक्शन? दर तीन महिन्यांनी तारीख लक्षात ठेवायची, म्हणजे गोळीचीच थोरली बहीण. नवरा म्हणाला, "मी ऑपरेशन करून घेतो." अगदी मनापासून म्हणाला, पण रक्त तपासायला सुई टोचली तेव्हा हाच गृहस्थ आडवा झाला होता. शिवाय तारवालीला दार अजून कायमचं लावायचं नव्हतं.

"तांबीच बसवते," ती म्हणाली.

"कशाला त्रास? मी सांभाळून घेईन. मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच तर बसवायची."

सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता हे ऐकलं. "तांबी वर चढते," त्या म्हणाल्या. "माझ्या ओळखीतल्या एकीची थेट काळजात गेली."

"कोणाची?"

"तू नाही ओळखत तिला. आणि ऐकून ठेव, बसवलीस तर पोरं तुझी तू सांभाळ. सुनेचं काही बरंवाईट झालेलं मला बघवायचं नाही."

झालं. सासूबाई नाहीत तर वर्कशॉप नाही. तारवाली भांडली नाही की रडली नाही. सकाळी सासूबाईंना एवढंच म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर. जे विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी नमुन्याची तांबी हातात दिली. प्लॅस्टिकची बोटाच्या पेराएवढी काडी, वर दोन हात, अंगाला तार, खाली दोरा. तारवालीने ती उजेडाकडे धरली.

"हिच्यावर इनॅमलचा लेप कुठंय? उघड्या तारेचं वाइंडिंग केलं तर आमचे मालक हाकलून देतील."

डॉक्टरबाईंना हसू आलं. "तांबं उघडंच हवं. ते थोडं थोडं झिरपतं, आणि तेच काम करतं."

"वेढे छान बसवलेत पण," तारवाली म्हणाली. तिच्याकडून ही मोठीच पावती होती.

सासूबाई पुढे सरकल्या. "ही काळजात जाते का?"

डॉक्टरबाईंनी गर्भपिशवीचा नमुना उघडून दाखवला. "इथून काळजाकडे वाट नाही, आजी. क्वचित जागा सोडते किंवा पडते, म्हणून दोरा तपासायचा आणि महिन्याने दाखवायला यायचं. पहिले काही महिने पाळीला अंगावरून जास्त जाईल. एकदा बसली की दहा वर्षं बघायला नको."

"आणि हिला मधेच नको झाली तर?"

"यायचं. मी काढून देते."

सासूबाईंनी तांबी तळहातावर घेतली. उलटसुलट करून पाहिली. "एवढीशी," त्या म्हणाल्या. "मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. हात फार भरभर चालायचा माझा. चौथ्या बाळंतपणाच्या वेळी छापखानेवाल्यांनी माझी जागा दुसऱ्याला दिली. मला कोणी विचारलंच नाही."

दहा वर्षांच्या संसारात तारवालीने हे पहिल्यांदाच ऐकलं. सासूबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. "चल, आटप. पोरांना मी बघते."

दुखलं, खोटं कशाला बोलायचं. एक जोराची कळ आली, मग पोटात पीळ पडत राहिला. सिस्टर म्हणाली, श्वास सोडा, आणि तारवाली मनात वेढे मोजत राहिली. साठावर पोचली तोवर काम झालं होतं. दोन दिवस गरम पाण्याची पिशवी पोटाशी होती आणि घरात कोणी तिला भांड्याला हात लावू दिला नाही.

एक तारखेला मालकांनी किल्ल्या दिल्या. दाराशी नवा बोर्ड लागला होता: 'मोटर वाइंडिंग व दुरूस्ती'. दुपारी सासूबाई दोन्ही नातवंडांना घेऊन हजर. धाकटी कडेवर होती. सासूबाई बोर्डासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की तारवाली हात पुसत बाहेर आली.

"काय झालं?"

"'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व हवा. पेंटरला बोलाव आणि आजच नीट करून घे," सासूबाई म्हणाल्या. "दहा वर्षं राहायचाय तो बोर्ड."