विलासच्या ओट्यावरची कॉफी

शुभांगी वहिनींचा फोन आला तेव्हा मी विलासकडेच निघालो होतो. "भाऊजी, आता सावकाश या," एवढंच त्या म्हणाल्या. मी पायातल्या चपला न काढताच खुर्चीत बसलो... रडू आलं नाही. त्याच्या लांबलेल्या आजारपणाने आम्हा सगळ्यांचंच त्राण संपलं होतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा जाणवला तो थकवा.

आम्ही दोघं घोडपदेवच्या एकाच चाळीत वाढलो. घरात चहा; कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी, जायफळ घालून. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर विलासने परळच्या फ्लॅटमध्ये एस्प्रेसो मशीन आणलं, तेव्हा अडलेल्या ओट्याकडे बघून वहिनी उसासे टाकायच्या. सुरुवातीला कॉफी काही जमेना. मशीनला दोष देऊन झाला, पाण्याला देऊन झाला. शेवटी लक्षात आलं, खोट स्वस्तातल्या ग्राइंडरची होती. तो बिया एकसारख्या दळतच नव्हता. मग चांगला ग्राइंडर आला. "मशीन नुसतं पाणी ढकलतं रे, चव दळण्यात आहे," हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं की मी कंटाळायचो. रविवारी ग्राइंडर उघडून आत अडकलेली पूड ब्रशने काढायची, मशीनचं रबर कडक झालं की बदलायचं, वाफेची नळी पुसायची... आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसाला मनासारखं काम मिळालं होतं.

मग घशाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनने चव गेली. "गरम आहे तेवढं कळतं," तो म्हणाला. मला वाटलं, आता मशीनवर फडकं पडेल. पण त्याने मला बोलावून घेतलं. "जीभ तुझी, हात माझे." तेव्हापासून मी रोज सकाळी जायचो. तो कॉफी काढायचा, मी घोट घेऊन सांगायचो. आंबट म्हटलं की दळण बारीक करायचा, कडू म्हटलं की जाडसर. पुन्हा कप. एकदा वैतागून म्हणालो, "पुरे रे आता, पित्त होतंय मला."

तो स्टुलावर बसला.

"एवढं सोडलं तर दिवसभर मी नुसता पेशंट असतो," तो म्हणाला.

मी कप पुढे केला.

शेवटी शेवटी त्याचा आवाज गेला, हातातला जोरही गेला. मग पूड भरलेला दांडा मशीनला लावून वहिनी फिरवायच्या आणि तो बोटाने खुणा करायचा... थोडं उजवीकडे, बस.

दिवसकार्य उरकल्यावर मी परत गेलो. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं असेल, असं वाटलं होतं. वहिनींनी काही न विचारता दोन कप मांडले. बिया जुन्या झाल्या होत्या. कॉफी आंबट उतरली. तरी मी दुसरा घोट घेतला. जन्मभर चहाशिवाय काही न प्यायलेल्या वहिनींनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"दळण बारीक करायला हवं."

"राहू द्या ना वहिनी. त्याच्या हाताने लावलेलं आहे ते."

"म्हणून काय रोज असली प्यायची?" त्यांनी ग्राइंडरचं कडं फिरवलं, थोडंसंच, आणि बटण दाबलं.

मी कप विसळायला उठलो.