धवला कोण गाणार

पुतण्याची हळद. सोनिवलीला आमच्या दारात मांडव भरलेला, नवरदेव पाटावर बसलेला, आणि अंबरनाथहून चुलत सासूबाईंचा फोन आला, घसा बसलाय, येत नाही. आमच्यात बायकांनी लग्नगाण्यांचा धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि घरच्या प्रत्येक लग्नात तो त्याच गायच्या. मी त्यांच्या मागे बसून ओळीला ओळ द्यायचे. सगळी गाणी तोंडपाठ. म्हटलं, चला, आला एकदाचा आपला नंबर!

पण तो ड्रोनवाला! "ताई, जल्दी करो, लाइट जा रही है," म्हणत, उजेड आहे तोवर शूटिंग हवं म्हणून नुसता नाचत होता. बायकांचा एकच गलका, कोण गाणार, कोण गाणार? आपणच आपलं नाव कसं घ्यायचं? विचारतीलच की. तेवढ्यात नणंद म्हणाली, "धाकटी गाईल ना!" धाकटी म्हणजे माझी जाऊ. झालं! एकीने मान हलवली म्हणून दुसरीने हलवली, मग सगळ्याच हो हो करायला लागल्या. तिला धवला येतो का, हे विचारायला फुरसत कोणाला होती? आणि ती बयाही नाही म्हणेना. मोबाइलवर गाण्याचे व्हिडिओ टाकून टाकून धीट झालेली, पदर खोचून लगेच पुढे.

माझा नुसता जळफळाट. दिसायला देखणी, आवाज गोड, नवरा शब्द खाली पडू देत नाही, आणि आता हेही तिलाच!

दोन ओळी गायली आणि अडली. मागे वळून मला हळूच म्हणाली, "ताई, पुढं काय?" खरं सांगते, मनात आलं, बस आता बोंबलत. पण हळद खोळंबली असती. मग मी कानात ओळ सांगायची आणि तिने खड्या आवाजात गायची, शेवटपर्यंत हेच. माझ्यापेक्षा तिच्या तोंडी त्या ओळी छान वाटत होत्या, त्याचाच जास्त राग आला. बायकांनी कौतुकाने तिच्यावरून बोटं मोडली.

परवा बेलवलीच्या लग्नघरातून फोन आला. लग्नाला अजून महिना आहे, घाई कसलीच नाही. तरी आमच्या हळदीला आलेल्या त्या बाई म्हणाल्या, "धवल्याला तुमच्या धाकटीलाच पाठवा हां." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही पण या ना. तिला शब्द सांगायला कोणीतरी लागतं."